घडवणारं वर्ष

"आई, पहिलं वर्ष फॉर्मेटिव्ह असतं, आणि हिच्या त्या वर्षात मी नव्हतेच," केतकी म्हणाली. गेल्या महिन्यात दत्तक आणलेली तिची लेक माझ्या मांडीवर पालथी होती, तेलाने चकचकीत.

"सूनबाई, मराठीत रड ना गं."

"घडवणारं. लॅटिनमध्ये फोर्मा म्हणजे आकार, त्यावरून आलाय. माणूस ज्या दिवसांत घडतो, ते दिवस फॉर्मेटिव्ह." तिचा आवाज आधी कॉलेजातल्या तासासारखा होता, मग फुटला. "हिला कोणीतरी आधीच घडवलंय. माझ्यासाठी काय उरलंय?"

पोरीचं डोकं मागून चपटं होतं, अनाथाश्रमात एकटीच उताणी पडून राहिल्यामुळे. रोजच्यासारखा मी त्या डोक्यावर तळवा फिरवत राहिले, "गोल गोल लाडू" म्हणत.

केतकीने गुडघ्यांत डोकं घातलं. पोर मांडीवरून घसरली, रांगत तिच्यापाशी गेली आणि आपला तेलकट, चिमुकला तळवा तिच्या केसांवर फिरवू लागली. "गो... गो..."

केस तेलकट होतील म्हणून मी तिला उचलायला पुढे सरकले.

केतकी डोकं तसंच धरून पुटपुटली, "आई, उचलू नका हिला. काम चाललंय तिचं."