सकाळचा नंबर

"आई, नंबर सांग लवकर."

"थांब बाबा, चष्मा बघते."

रामप्रसाद शहरात, गारखेड्यातल्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपसमोर बसला होता. शेअर बाजार उघडायला थोडाच अवकाश होता आणि तिकडं सोयगावजवळच्या वस्तीवर त्याची आई बानाबाई चष्मा शोधत होती. चष्मा सापडला. मग फोनवरून एकेक आकडा येऊ लागला.

"चार... आरं, आपली बांडी शेळी व्याली रात्री. दोन पिल्लं हायेत. सात..."

रामप्रसादनं पिल्लांचा दोन टाइप केला आणि चरफडत पुसला.

जमीन रस्त्यात गेली तेव्हा मोबदला बानाबाईच्या नावावर आला होता. मेंढरं त्याआधीच विकली होती. पैसा तिचा, म्हणून बाजारातलं खातंही तिच्याच नावानं उघडलं. रामप्रसादनं बरेच दिवस खपून एक प्रोग्रॅम लिहिला होता. कुठला शेअर, कुठलं फ्युचर कधी घ्यायचं, कधी विकायचं, तोटा कुठं थांबवायचा, सगळं प्रोग्रॅमच ठरवायचा. माणसानं हात लावायचा नाही. फक्त ब्रोकरच्या साइटवर रोज सकाळी नव्यानं लॉगिन करावं लागे, आणि त्याचा ओटीपी आईच्या फोनवर जाई. एवढं मोठं यंत्र, अन् किल्ली आईच्या कमरेला. घोडं रोज तिथंच पेंड खायचं.

बानाबाई शाळेत गेलेली नव्हती. "तिला आकडे जेमतेम येतात," असं रामप्रसाद बायकोला सांगायचा. "नंबर मिळाल्यावर तरी दोन शब्द बोलत जा त्यांच्याशी," असं रत्नमाला म्हणायची. पण नंबर मिळाला की बाजार उघडायचा, आणि बाजार बंद झाल्यावर त्याला कुणाशीच बोलावंसं वाटत नसे.

त्या दिवशी नंबर पुरा होईपर्यंत त्याची मुदत संपली. दुसरा मागवावा लागला. तोवर भाव निसटला आणि हाताशी आलेला सौदा गेला.

"आई, मला शेळीचं नको सांगत जाऊ," रामप्रसाद म्हणाला. "नुसता नंबर सांगत जा."

"बरं," बानाबाई म्हणाली. तिचा आवाज पडला होता, पण त्यानं तोवर फोन ठेवला होता.

संध्याकाळी शिवराज नावाच्या मित्रानं उपाय दाखवला. ब्रोकरकडं सोय होतीच. कोड कॉम्प्युटरनंच तयार करायचा, आईच्या फोनवर काही जायचंच नाही. एकदाचं गंगेत घोडं न्हालं. दुसऱ्या दिवसापासून रामप्रसाद निवांत चहा पीत बसायचा आणि प्रोग्रॅम आपला आपण लॉगिन करायचा, घ्यायचा, विकायचा. आईला कळवायचं तेवढं राहून गेलं.

पुढच्या आठवड्यात बानाबाई पहिल्या एसटीनं येऊन दारात उभी राहिली. फोन रुमालात बांधून आणला होता.

"नंबर येईना झालाय. बिघडला काय, बघ बरं."

"आता नंबर लागत नाही, आई. सगळं मशीनच करतं." त्यानं स्क्रीनवरची नजर काढली नाही. बाजार चालू होता.

"चांगलं झालं की," बानाबाई म्हणाली आणि फोन पुन्हा रुमालात बांधू लागली.

तेवढ्यात बेल वाजली. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला होता. "भाभी, कोड भेजा है, बताओ जरा."

रत्नमालाचे हात कणकेत होते. कोड रामप्रसादच्या मोबाइलवर आला होता आणि मोबाइल बानाबाईच्या शेजारी पडला होता. बानाबाईनं तो उचलला, नुसत्या डोळ्यांनी पाहिला आणि सगळे आकडे एका दमात सांगून टाकले. गॅसवाला कोड घेऊन निघूनही गेला.

रामप्रसादनं पहिल्यांदाच स्क्रीनकडून मान वळवली.

"आई, तुला तर भरभर वाचता येतं. चष्म्याशिवाय."

"येतं की."

"मग मला एकेक आकडा का सांगायचीस?"

बानाबाईनं मोबाइल होता तिथं ठेवला.

"समदा एकदम सांगितला की तू फोन ठेवायचास."