दाराखालची चप्पल

बापाने दारावर पहिली लाथ घातली तेव्हा आईच्या फुटलेल्या ओठातून रक्त ठिबकत होतं. दाराची कडी त्याने मागच्याच आठवड्यात उखडली होती. चौथीतल्या लेकीने पायातली रबरी चप्पल काढून दाराखालच्या फटीत अर्धी खुपसली. “ढकललेल्या वस्तूला घर्षण अडवतं,” बाईंनी सकाळीच शिकवलं होतं, “आणि वर भार टाकला की ते वाढतं.” दुसरी लाथ बसली, तिसरी बसली, फळी तडकली. “आज दोघींचा मुडदाच पाडतो!” तो गरजला, पण दार तसूभरही हललं नाही. मग लाथा थांबल्या. “अगं, चुकलं माझं,” बाहेरचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला. “उघड ना दार.” आई दर वेळेसारखी पाघळली. मनगटाने ओठ पुसून ती चप्पल ओढायला वाकली. लेकीने तिच्याकडे पाहिलं. दोन्ही पाय रोवून ती चपलेवर उभी राहिली.