पॅसिफिकमधलं टेंगूळ

हिटी क्रेनचं बोट पॅसिफिक महासागरात शिरलं आणि थॅक्स्टर मास्तर खुर्चीच्या कडेला सरकले.

अंधशाळेच्या वार्षिक परीक्षेचा दिवस होता. आंधळी मुलं बोटांनी जग कसं वाचतात ते बघायला पार बॉस्टनहून माणसं आली होती. सतरा वर्षांची हिटी पास झाली, तर इथंच धाकट्यांना भूगोल शिकवणार होती. नापास झाली, तर तळघरात जन्मभर वेताच्या खुर्च्या विणत बसायचं. निकाल विश्वस्त कॅप्टन फोल्जर यांच्या हाती. पंचवीस वर्षं देवमाशांच्या मागे हिंडलेला म्हातारा.

पृथ्वीचा तो कमरेएवढा लाकडी गोल मास्तरांनी तीन हिवाळे खपून घडवला होता. भुसा आणि सरस कालवून डोंगर, नद्यांच्या जागी सुतळी, बेटांच्या जागी पितळी खिळे. वरून मात्र एकच करडा रंग. बोटांना निळ्या-हिरव्याचं काय? मास्तर विद्वान होते, निदान त्यांचा स्वतःचा तसा समज होता. पण हातानं धांदरट. सरसाचा एक थेंब पॅसिफिकमध्ये गळला, वाळून टेंगूळ झाला, त्यावर रंगही चढला. मास्तरांना पत्ताच नाही. दोन वर्षांपूर्वी ते टेंगूळ हिटीच्या बोटाला लागलं.

"मास्तर, हे कुठलं बेट?"

'सरस गळला गं' एवढंच म्हणायचं होतं. पण शिकलेल्या माणसाची जीभ नेमकी तिथंच अडते. "सेंट बार्नबी," मास्तर म्हणाले. पुढच्या आठवड्यात तिथं कासवं आली. मग गोड्या पाण्याचा झरा, मग ज्वालामुखी, आणि नाताळपर्यंत एक लंगडा राजाही गादीवर बसला. हिटी विचारत गेली, मास्तर ठोकत गेले. वर या कामात त्यांना मजाही येऊ लागली.

आज कॅप्टननी तिचं बोट नेमकं त्याच टेंगळावर थांबवलं.

"हे काय, पोरी?"

हिटी गप्प.

विसरली! मास्तर मनातल्या मनात चरफडले. अख्खा राजा बसवून दिला, आणि ऐन वेळी नाव विसरली!

"अगं, सोपं आहे," कॅप्टन दाढी कुरवाळत म्हणाले. "अठराशे एकोणचाळीस साली याच बेटावर मी पिंपं भरून घेतली. काय झकास पाणी!"

कॅप्टननी टाक शाईत बुडवला. "साधं बेट ओळखता येत नाही, ती पोरांना काय शिकवणार? खुर्च्या विणू दे तिला."

आता गंमत बघा. मास्तर नुसते बसून राहिले असते, तरी त्यांची अब्रू शाबूत होती. खुद्द कॅप्टन तिथलं पाणी पिऊन आलेले, आणखी पुरावा तो कसला हवा? फक्त हिटी तळघरात गेली असती. मास्तर उठले. आणि आता लपवून तरी काय करायचं, मास्तर म्हणजे अस्मादिकच.

"कॅप्टन, ते बेट नाही. सरसाचा थेंब आहे. माझ्याच हातून गळलेला. राजा, कासवं, झरा, सगळ्या माझ्या थापा."

सगळी सभा खो-खो हसली. कॅप्टन कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनी हिटीला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं होतं. खरी बेटं पितळेची, हिवाळ्यात बोटाला गार लागतात. हे लागत नाही."

कॅप्टननी 'पास' लिहिलं.

लोक पांगल्यावर मी तिच्यापाशी गेलो. लाज वाटत होती, आणि डोळेही भरून आले होते.

"मग दोन वर्षं बोलली का नाहीस, पोरी? आज तर सारं गमावून बसली असतीस."

हिटीनं माझी बाही चाचपून हात धरला.

"परीक्षेत खोटं सांगवेना. आणि तुम्ही त्या बेटावर इतके रमला होतात, मास्तर. तुम्हाला तिथून हाकलू कशी?"