एकोणतीस टक्के

सासूबाई चहा गाळत असताना त्यांचा फोन वाजला आणि त्या हरखून ओरडल्या, “अगं हेमांगी, एकोणतीस टक्के!” हेमांगीच्या मनगटावरची आरोग्यपट्टी दिवस जाण्याची शक्यता मोजून घरातल्या सगळ्यांना कळवत असे. लग्नात मंगळसूत्रापाठोपाठ हीच पट्टी सुनेच्या हातावर बांधायची आता रीतच पडली होती.

 निरोध फाटल्याचं फक्त हेमांगीला आणि तिच्या नवऱ्याला, शिरीषला ठाऊक होतं. “इतक्यात मूल नको, कामावर जाताना गोळी घेऊन टाक,” असं शिरीषनेच तिला उठल्या उठल्या सांगितलं होतं.

औषधाच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, “तीन दिवसांत घेतली तर चालते, पण जितकी लवकर तितकी बरी.” हेमांगीने तिथेच पाणी मागून गोळी गिळली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आकडा दोनवर आला होता आणि गोळी घेतल्याचंही पट्टीने घरी कळवलं होतं. सासूबाईंचे डोळे रडून सुजले होते.

“कुणाला विचारून घेतलीस गं गोळी?”

हेमांगीने शिरीषकडे पाहिलं. तो खाली मान घालून पायातले मोजे काढत होता.

“मला तरी कुठे विचारलं तिने, आई?” तो म्हणाला.

हेमांगीने खांद्यावरची पर्स उतरवलीच नाही. ती तशीच जिना उतरली आणि माहेरच्या वाटेला लागली.