दारातला प्रश्न

घरोघरी जाऊन शेवटच्या आजारातली माणसं सांभाळायचं शिक्षण घेत होती ती. शिकवणाऱ्या मॅडमचा एकच दंडक होता. दार उघडलं की मनाशी विचारायचं, "हे माणूस वर्षभरानं नसलं, तर मला आश्चर्य वाटेल का?" उत्तर 'नाही' आलं, की त्याच दिवसापासून कामाला लागायचं. सुरुवातीला प्रत्येक दारात ती उत्तर पुढे ढकलायची. सहा महिन्यांत नजर इतकी तयार झाली, की पेशंटनं "या" म्हणायच्या आत उत्तर हजर.

रविवारी ती घरी गेली. दार आईनं उघडलं. आईचं घड्याळ मनगटावरून पार कोपराकडे सरकलं होतं. "ये गं" एवढं म्हणतानाही तिला दम लागला, तिनं भिंत धरली.

प्रश्नाच्या आधीच उत्तर आलं. लेक उंबऱ्यातच आईकडे बघत राहिली.

"अशी काय बघतेस, भूत पाहिल्यासारखी?"

"काही नाही गं. आई, मी आता इथंच राहीन म्हणते. इथूनच जाईन-येईन."

आता आई कारण विचारणार, या धास्तीनं तिनं मान वर केलीच नाही.

"तुझी खोली कालच झाडून घेतलीय," आई म्हणाली.

आईला जराही आश्चर्य वाटलं नव्हतं.