आईच्या पसंतीचे ग्लव्हज

चौथी जोडीही बाईंनी बाजूला सारली आणि उस्तादांचं डोकं सणकलं.

सगळा बाजार त्यांना उस्तादच म्हणायचा. तरुणपणी बॉक्सिंगच्या रिंगणात भल्याभल्यांना लोळवलेलं, आता खेळाच्या सामानाचं दुकान. दुकानात मधोमध जाडजूड पंचिंग बॅग टांगलेली. गिऱ्हाइकाने ग्लव्हज घालायचे, बॅगवर दोन ठोसे मारायचे आणि उस्ताद देतील ते मुकाट्याने घेऊन जायचं, अशी तिथली रीत. आज मात्र गाठ भलत्याच बाईशी पडली होती.

आल्या आल्या बाईंनी मुलीच्या दोन्ही हातांना पट्ट्या गुंडाळल्या होत्या. आधी मनगटाला वेढे, मग बोटांच्या सांध्यांवरून, शेवटी अंगठ्याला. ग्लव्हज पट्टीवरच घालून बघायचे असतात, नाहीतर सरावाच्या वेळी हात आत शिरत नाही. हे बहुतेकांच्या गावीही नसतं. उस्तादांना खरं तर कौतुकच वाटायला हवं होतं, पण बाई मूग गिळून बसलेल्या. विचारावं यांना आणि उत्तर द्यावं मुलीने. बाई नुसत्या उस्तादांच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या, ग्लव्हजची गादी अंगठ्याने दाबायच्या आणि मान हलवायच्या. नको. काय हा तोरा, उस्ताद मनात म्हणाले.

मुलीचा जीव लाल जोडीवर जडला होता. पातळ, चकचकीत, हातात घातल्या घातल्या ऐट यावी अशी. तिने दोन्ही लाल मुठी आईच्या डोळ्यांसमोर नाचवल्या. बाईंनी पुन्हा मान हलवली.

"घेऊ द्या की हो ताई," उस्ताद मध्ये पडले. "बॅगवर हात थोडे सोलायचेच. त्याशिवाय का कोणी बॉक्सर होतो? हे बघा!"

आणि त्यांनी आपली उजवी मूठ पुढे केली. सगळे सांधे चपटे झालेले. त्या मुठीचा त्यांना कोण अभिमान! पोरं ती बघून हरखून जायची. बाई काही हरखल्या नाहीत. त्यांनी ती मूठ हातात घेतली, उघडली आणि एकेक बोट वाकवून बघितलं. शेवटची दोन वाकलीच नाहीत. मग त्यांनी मुलीकडे असं काही बघितलं, की पोरीने लाल ग्लव्हज निमूटपणे काढून ठेवले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हल्ली शर्टाची बटणं बायको लावून देते, हे उस्ताद दुकानात कोणाला सांगत नसत.

बाईंनी स्वतःच वरच्या फळीवरून काळी जोडी काढली. बोजड, जाड गादीची, मनगटाला रुंद पट्टा. पोरं तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत. ती मुलीच्या हातांत चढवून बाईंनी पट्टे आवळले आणि बॅगच्या मागे जाऊन बॅगला दोन्ही तळवे आणि खांदा लावून उभ्या राहिल्या.

"अहो ताई, पाय रोवून उभ्या राहा! पडाल!" उस्ताद ओरडले. बाईंनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

मुलीने ठोसा मारला. डावा, मग उजवा, मग धडाधड. बॅग हादरली, मागे बाई हादरल्या आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की उस्ताद बघतच राहिले. पोरीच्या ठोशात दम होता. मानलं बुवा.

"जोर आहे हो हिच्या हातात!" ते म्हणाले. "पण पोरी, आई फारच जपते तुझे हात. बॉक्सिंग करायचंय की सुईत दोरा ओवायचाय?"

मुलीने दातांनी पट्टे ओढून ग्लव्हज काढले.

"काका, आईला ऐकू येत नाही. आम्ही हातांनीच बोलतो. मध्ये मी कोणाचे तरी जुने, चपटे ग्लव्हज घालून बॅगवर बडवत बसले आणि दोन्ही मनगटं सुजवून घरी गेले. आमचं बोलणंच बंद पडलं. मला वाटलं, संपलं आता, ही काही मला पुन्हा खेळू देत नाही. तर सूज उतरल्यावर हीच म्हणाली, चल, चांगले ग्लव्हज घेऊ."

उस्तादांनी आपली मूठ हळूच पाठीमागे नेली.

एव्हाना बाई बॅगमागून पुढे आल्या होत्या. डोळे भरलेले, आणि हात भराभर हवेत चाललेले. मुलीची बोटंही तितक्याच झपाट्याने उत्तर देत होती. मध्येच दोघी खळखळून हसल्या.

"काय म्हणतात आई?" उस्तादांनी विचारलं.

पोरीने मान ताठ केली. "म्हणते, माझ्या लेकीचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला. केवढा मोठा आहे!"