पॅनेलची पुढची बाजू

“हा घ्या वहिनी, दातांच्या दवाखान्याचा उरलेला दात.” बोर्डवाल्याने ढिगातून एक तुकडा ओढून काढला आणि धूळ झटकली. “दुकानांच्या पाट्या कापल्या की असं काहीबाही उरतंच.”

तिने तुकडा वाकवून पाहिला. दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये प्लास्टिक. एका बाजूला छापील फिल्म, तिच्यावर अर्धवट कापलेला पांढराशुभ्र दात. दुसरी बाजू कोरी, करड्या रंगाची. हलका होता, ताठ होता. ॲक्रिलिक भोक पाडतानाच तडकलं होतं. हार्डबोर्ड फुगला होता. हार्डवेअरची सगळी दुकानं पालथी घालून ती इथे पोचली होती, आणि आता तिला फक्त बसायचं होतं. दुकानात खुर्ची एकच. तिच्यावर नवरा बसला होता. उजवा हात त्याने मांडीवर ठेवला होता, एखादी पिशवी ठेवावी तसा.

“पण हे लागतंय कशाला?” बोर्डवाल्याने विचारलं.

“सिंथेसायझरला,” नवरा म्हणाला. “घरीच बनवतोय. मी सांगतो, ही सोल्डर करते. आतलं सगळं तयार आहे, पण नॉब नुसते वायरींना लोंबकळतायत. समोर पॅनेल बसल्याशिवाय वाजवणार कसं?”

“तयार मिळत नाही?”

“मिळतं की. आतल्या सामानापेक्षा महाग.”

“म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!”

“त्यात कोंबडी अजून अंडं देत नाही,” ती म्हणाली. बोर्डवाला खो खो हसला. नवरा हसला नाही.

त्याने डाव्या हाताने खिशातून कागद काढला. पॅनेलचं चित्र त्यानेच काढलं होतं, रेघा थोड्या थरथरलेल्या. लहान भोकं डावीकडे, आणि उजवीकडे खाली एक मोठं वर्तुळ. सूर चढवायचा-उतरवायचा तो नॉब. वाजवताना सगळा वेळ हात त्याच्यावर राहणार.

“अजून वेळ आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. “मोठा नॉब डावीकडे घेऊ या का?”

“किती वेळा तेच तेच? तो उजव्या हाताचा आहे.”

“अरे, पण...”

“येईल हात.”

त्या हाताचा व्यायाम करून घेणाऱ्या बाई पूर्वी ‘येईल’ म्हणायच्या. हल्ली ‘बघू’ म्हणतात. हे त्याने ऐकलं नव्हतं असं नाही. तिने त्याच्या हातातून कागद घेतला.

बोर्डवाल्याने आपलं ड्रिल मशीन दिलं आणि तो आत कटरकडे गेला. तिने कागद पत्र्यावर चिकटवला, कडा जुळवल्या, आधी बारीक भोकं पाडली, मग मोठं. चकचकीत कीस टेबलभर पसरला. मनगट भरून आलं होतं. शेवटचं भोक झाल्यावर तिने कागद सोलून काढला आणि कोरी बाजू वर येईल असं पॅनेल पालटलं.

मोठं भोक डावीकडे आलं होतं.

पुढे येणाऱ्या कोऱ्या बाजूला गोंद लागू नये म्हणून तिने कागद दाताच्या बाजूला चिकटवला होता. पुढून बघताना उजवं ते सगळं डावं झालं होतं. शाळेत ती दरवर्षी मुलांना सपाट आरसा शिकवत होती.

“झालं का?” त्याने विचारलं.

तिने पॅनेल त्याच्यासमोर धरलं. तो बघत राहिला.

“मुद्दाम केलंस?”

“नाही रे. दमले होते. कागद मागून चिकटवला.”

खरं तेच सांगितलं होतं, पण तिला स्वतःलाच ते खोटं वाटलं.

बोर्डवाला हात पुसत बाहेर आला. त्याने एकदा कागद पाहिला, एकदा पॅनेल. “हात्तिच्या! एवढंच ना? एकदा मी शिंप्याच्या दुकानाची आख्खी पाटी उलटी कापलीय, त्यापुढे हे काय! ही फिल्म जरा गरम केली की सालीसारखी निघते बघा. खाली पत्रा नवा कोरा. तीच बाजू पुढे घ्यायची, म्हणजे सगळं तुमच्या चित्राबरहुकूम.” त्याने भिंतीवरची हीट गन काढून चालू केली. “आणा इकडे, भाऊ.”

“थांबा,” नवरा म्हणाला.

त्याने पॅनेल मांडीवर घेतलं, कोरी बाजू वर. डाव्या हाताची बोटं मोठ्या भोकाच्या कडेवर टेकवली आणि मनगट वळवलं. सावकाश, एका बाजूला. मग दुसऱ्या. कोपर कशालाच अडलं नाही. हीट गन घोंघावत होती. त्याने पुन्हा एकदा वळवून पाहिलं.

ती टेबलावरचा कीस तळहाताने गोळा करत राहिली. त्याच्याकडे तिने पाहिलं नाही.

“बंद करा ते,” तो म्हणाला.

बोर्डवाल्याने गन बंद केली.

“असे तुकडे अजून आहेत का? बाकीची पॅनेलं राहिलीयत.”

“ढीगच्या ढीग आहेत. हवे तेवढे बघा.”

“चित्रं पुन्हा काढावी लागतील,” तो कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला आणि खुर्चीवरून उठला.

ती खुर्चीत बसली. तो ढिगावर वाकला होता. डाव्या हाताने त्याने खालचा एक तुकडा ओढला, तसे वरचे चार खणखणत घसरले. बोर्डवाला पुढे सरसावला. तिने मान हलवून त्याला थांबवलं. नवऱ्याने पडलेले तुकडे एकेक करून उचलले, बाजूला ठेवले, आणि पुन्हा हात घातला.